उडण्यात सरस कोण – पक्षी की वटवाघूळ?

सह्यभटक

पक्षी म्हणजे उडण्यातले उस्ताद आणि वटवाघूळ म्हणजे कसाबसा फडफडत जाणारा सस्तन प्राणी, असं आपल्याकडे बहुतेक जण धरूनच चालतात. शाळेच्या पुस्तकात पक्ष्याच्या पंखाची आकृती पानभर असते, आणि वटवाघळाच्या वाट्याला 'खऱ्या अर्थाने उडणारा एकमेव सस्तन प्राणी' एवढं एक वाक्य येतं. मला हे अजिबात पटत नाही.

भोरजवळच्या भाटघर धरणाच्या पाण्याकाठी दिवेलागणीला उभं राहून बघा. भिंगऱ्या आणि पाकोळ्यांची शेवटची फेरी चाललेली असते, त्याच वेळी छोटी वाघळं बाहेर पडतात. थोडा वेळ दोघेही एकाच आभाळात, त्याच किड्यांच्या मागे असतात. भिंगरी लांबून एका लयीत येते, वळसा घेते, पाण्याला चोच लावून वर जाते. डोळ्यांना फार सुखद. वाघळाचं उडणं मात्र झोकांड्या खाल्ल्यासारखं वाटतं. पण उजेडाच्या बाजूला तोंड करून नीट पाहिलं की कळतं, यातला जवळजवळ प्रत्येक हिसका हा एका किड्यासाठी आहे. बारीक खडा वर फेकला तर वाघूळ त्याच्यामागे झेपावतं, अगदी जवळ जातं, आणि हे खायचं नाही हे कळताच जागच्या जागी वळतं. असं वळणं मी भिंगरीत पाहिलेलं नाही.

तर प्रश्न असा: सौंदर्य, शुभ-अशुभ, उपयोग हे सगळं बाजूला ठेवून निव्वळ उडणं म्हणून पाहिलं तर पुढे कोण? अनुभव, वाचन, तर्क, सगळं चालेल. फक्त 'दोघेही आपापल्या जागी श्रेष्ठ' असं लिहून धागा मिटवू नका ही विनंती.

मुग्धा_पक्षीवेडी

पक्षी. यात चर्चा करण्यासारखं काय आहे?

बरं, कारणं देते. भिगवणला हिवाळ्यात जे पट्टकादंब येतात ते हिमालय ओलांडून येतात. माग काढलेल्या कादंबांची सात हजार मीटरच्या वर नोंद आहे. अमूर ससाणा जेमतेम दीडशे ग्रॅमचा. ईशान्य भारतातून निघतो, आपल्या डोक्यावरून जातो आणि अरबी समुद्र न थांबता पार करून आफ्रिका गाठतो. २०२२ मध्ये शेपटीवर पट्टे असलेल्या गॉडविट पक्ष्याच्या एका पिल्लाने अलास्का ते टास्मानिया हे १३,५६० किलोमीटर अंतर ११ दिवसांत कापलं, मध्ये कुठेही न उतरता. पिल्लू, बरं का! आणि युरोपातल्या पाकोळ्या? स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या अँडर्स हेडेनस्ट्रॉम यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवून दिलं की विणीचा हंगाम सोडून उरलेले दहा महिने त्यातल्या काही जमिनीला पाय लावतच नाहीत. खाणं हवेत, झोपही हवेत.

यातली एक तरी गोष्ट वटवाघळाने करून दाखवावी.

टिंब_टिंब

वाचतोय. हा धागा शंभरी गाठणार.

निशाचर

मुग्धाताई, सगळी उदाहरणं लांब पल्ल्याची आणि उंचीची आहेत. मॅरेथॉन जिंकणारा कबड्डीतही जिंकेलच असं नाही.

वटवाघळांच्या सर्वेक्षणात मदतनीस म्हणून मी काही हंगाम काम केलं आहे, परवानगी असलेल्या अभ्यासकांबरोबर. जाळ्यात आलेलं आखूड नाकाचं फळवाघूळ हातमोज्यात धरून, पंख हलकेच उलगडून त्यामागे बॅटरी लावली की जे दिसतं ते कुठल्याही आकृतीत नीट येत नाही. तो पंख नव्हेच, तो पंजा आहे. अंगठा मोकळा, त्याला नखी. बाकीची चार बोटं लांबच लांब झालेली आणि त्यांच्यामध्ये दुपदरी कातडीचा पडदा. पडद्यात रक्तवाहिन्यांचं जाळं दिसतं आणि दोऱ्यासारखे बारीक स्नायूही दिसतात, जे एकाही हाडाला हलवत नाहीत, फक्त पडदा ताणतात आणि सैल करतात. बोटांची हाडं टोकाकडे इतकी लवचीक की प्रत्येक फटक्याला वाकतात. पक्ष्याच्या पंखात बोटांची हाडं जुळून एक झालेली असतात आणि बाकीचं काम पिसं करतात. वटवाघळाला मात्र प्रत्येक बोट वेगळं वाकवता येतं, त्यामुळे एकाच फटक्यात पंखाचा आकार अनेक प्रकारे बदलतो.

दुसरी गोष्ट, त्या पडद्यावर अतिसूक्ष्म केसांच्या रांगा असतात, सहज डोळ्यांना दिसतही नाहीत. त्यांच्या मुळाशी स्पर्श ओळखणाऱ्या पेशी. २०११ मधल्या एका प्रयोगात हे केस काढून टाकलेली वटवाघळं अडथळ्यांमधून जास्त वेगात आणि जास्त मोठ्या वळणाने जाऊ लागली. म्हणजे पंखावरून हवा कशी सरकतेय हे त्यांना कातडीला कळत असतं. सह्यभटक यांनी खड्याचा जो प्रकार लिहिलाय त्यामागे हे सगळं आहे.

विमानवाला

हवेच्या प्रवाहांवर काम करणारा माणूस म्हणून थोडं लिहितो.

हा प्रश्न मोजून पाहिला गेला आहे. वर मुग्धा यांनी उल्लेख केलेल्या लुंडच्याच गटाने वाऱ्याच्या बोगद्यात मकरंद पिणारी वटवाघळं आणि छोटे पक्षी उडवले, मागे राहणारे भोवरे टिपले आणि २०१२ मध्ये निष्कर्ष छापला. उचल (हवेत वर धरणारा जोर) आणि अवरोध (मागे ओढणारा जोर) यांचं गुणोत्तर पक्ष्यांमध्ये सरस निघालं. तेवढ्याच खर्चात पक्षी जास्त लांब जातो. कारणं समजण्यासारखी आहेत. पक्ष्याचं अंग पिसांनी गुळगुळीत झालेलं असतं, हवा सरळ निसटते. वटवाघळाचे मोठे कान, नाकावरची पानासारखी कातडी, हे सगळं हवेत आडवं येतं. पंख वर नेताना पक्षी पिसं एकमेकांवर सरकवून पंख लहान करतो. पडदा तसा आवरता येत नाही, त्यामुळे परतीच्या फटक्यात थोडी उचल वाया जाते.

तेव्हा 'उडणं' म्हणजे 'कमीत कमी इंधनात जास्तीत जास्त अंतर' असेल तर उत्तर मिळालेलं आहे: पक्षी.

मुग्धा_पक्षीवेडी

विमानवाला +१

निशाचर

@विमानवाला, पण त्या कानांनीच तर वटवाघूळ अंधारात उडतं! कान काढून टाकले की अवरोध कमी होईल आणि पहिल्याच फांदीवर आपटेल.

आणि उडण्याची व्याख्या इंधनावर का थांबवायची? अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठातलं काम बघा. वटवाघूळ छताला उलटं टांगतं म्हणजे नेमकं काय करतं? सरळ उडत येतं, छताजवळ वेग जवळजवळ शून्य होतो, आणि त्या अर्ध्या क्षणात त्याला अंग पूर्ण उलटं करायचं असतं. वेग नसेल तर हवेवर रेलून वळता येत नाही. मग ते एक पंख थोडा मिटतं, दुसरा पसरून मारतं, आणि पंखांच्या वजनाच्या जोरावर अंग फिरतं. वटवाघळाचे पंख अंगाच्या मानाने जड असतात, आणि तोच जडपणा इथे कामी येतो. २०१५ मध्ये हे छापून आलं. ज्याला आपण दोष म्हणतो त्याच्यावरच ते उलटं होतं. एकही पक्षी असा उतरत नाही.

रहाटगाडगं

डॉक्टर आहे, प्राण्यांची. दोघांची आतली यंत्रणा कोणी लिहिली नाही म्हणून लिहिते.

चिकन घरी साफ करणाऱ्यांना हे लगेच कळेल. छातीचा मोठा तुकडा काढला की त्याच्याखाली एक लांबट पट्टी आपोआप सुटी निघते. मोठा तुकडा म्हणजे पंख खाली मारणारा स्नायू, आणि ती पट्टी म्हणजे पंख वर उचलणारा. दोन्ही छातीतच. मग खाली बसलेला स्नायू पंख वर कसा उचलतो? त्याची शीर खांद्याजवळच्या भोकातून वर जाते आणि हाडाला वरच्या बाजूने जोडलेली असते. विहिरीच्या रहाटावरून दोर फिरावा तशी. ओढ खालून, हालचाल वर. त्यामुळे सगळं वजन खाली, मध्यावर राहतं आणि पक्षी हवेत स्थिर असतो. वटवाघळात असं काही नाही. पंख वर नेणारे स्नायू आपल्यासारखे पाठीवर आणि खांद्यावर, आणि खाली मारायला एकापेक्षा जास्त स्नायू मिळून काम करतात. रचना सस्तनाचीच, तिला उडण्यासाठी ताणून घेतलेलं.

फुप्फुसांत तर फरक आणखी मोठा. पक्ष्यांना हवेच्या पिशव्या असतात आणि फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहते. श्वास घेताना ताजी हवा, सोडतानाही ताजी हवा. वटवाघळाची फुप्फुसं आपल्यासारखी, आत-बाहेर. तरी ते उडतं कसं? फुप्फुसं अंगाच्या मानाने मोठी, रक्त आणि हवा यांच्यामधला पडदा अतिशय पातळ, हृदय मोठं, रक्तात तांबड्या पेशी दाटीने भरलेल्या. जुन्याच यंत्रातून शक्य तितकं काढून घेतलंय. मला व्यक्तिशः हेच जास्त थक्क करतं. सात हजार मीटरवर मात्र पक्ष्याचंच काम.

आणि एक गैरसमज. 'पक्ष्यांची हाडं पोकळ म्हणून सांगाडा हलका' असं सर्रास सांगितलं जातं. प्रत्यक्षात सांगाड्याचं वजन अंगाच्या वजनाच्या प्रमाणात पाहिलं तर पक्षी आणि तेवढाच सस्तन प्राणी यांत मोठा फरक निघत नाही. हाडं पोकळ आहेत, पण त्यांचा पदार्थ जास्त घट्ट आहे. वटवाघळाचीही हाडं उंदरांपेक्षा घट्ट असतात.

टिंब_टिंब

रविवारी चिकन साफ करताना घरातल्या सगळ्यांना ती पट्टी दाखवणार आहे. डॉक्टर, दंडवत.

ऑस्टिनकर

गेली बरीच वर्षं टेक्सासमध्ये आहे. आमच्या गावातल्या काँग्रेस अव्हेन्यू पुलाखाली उन्हाळ्यात मेक्सिकन फ्री-टेल्ड जातीची साधारण पंधरा लाख वटवाघळं असतात. संध्याकाळी लोक सतरंज्या टाकून बसतात. आधी दोन-चार निघतात, मग धुराचा लोट निघावा तशी रांग, आणि ती रांग लांब जाईपर्यंत तुटत नाही. एवढ्या दाटीत एकमेकांना धडकून खाली पडलेलं मी एकही पाहिलेलं नाही.

वेगाबद्दल: टेक्सासमधल्याच फ्रायो गुहेतल्या याच जातीच्या काही वाघळांना छोटे ट्रान्समीटर लावून विमानातून त्यांचा माग काढला गेला. त्यात ताशी १६० किलोमीटरपर्यंतच्या नोंदी आल्या, २०१६ साली प्रसिद्ध झाल्या. पाकोळीची सपाट उडण्यातली मोजलेली नोंद ताशी ११२ च्या आसपास आहे. म्हणजे सपाट पल्ल्यात वटवाघूळ पुढे!

विमानवाला

@ऑस्टिनकर, तो आकडा जमिनीच्या सापेक्ष वेगाचा आहे आणि त्यावर तेव्हाच आक्षेप घेतले गेले. त्या उंचीवर, त्या क्षणी वारा नेमका किती होता आणि वाघूळ किंचित खाली येत होतं का, हे बाजूला काढल्याशिवाय पाकोळीशी तुलना करता येत नाही. पाकोळीचा आकडा कॅमेऱ्यांनी, वाऱ्याचा हिशेब करून काढलेला आहे. आणि बहिरी ससाणा सूर मारताना ताशी तीनशेच्या वर जातो तो वेगळाच.

ऑस्टिनकर

अभ्यासकांनी वाऱ्याचा विचार केला होता. मी त्या नोंदी मानते. त्या वाघळाचे लांब निमुळते पंख एकदा बघा, पाकोळीच्याच घडणीचे आहेत. घडण तीच तर वेग तसाच असणार, यात नवल काय?

सुधा_कुलकर्णी_ठाणे

बाळांनो, छान चाललंय. आमच्या लहानपणी आजी गोष्ट सांगायची, पशू आणि पक्ष्यांची लढाई लागते आणि वटवाघूळ जिंकणाऱ्याच्या बाजूला जातं. शेवटी दोघेही हाकलतात आणि ते रात्रीचं फिरू लागतं. मला तेव्हाही त्याची दया यायची.

एक विचारते. राणीच्या बागेत मोठ्या झाडांवर ती लोंबकळतात तिथे मी पाहिलंय, आईच्या पोटाला पिल्लू चिकटलेलं. ती त्याला घेऊनच उडते का? पक्षी तर अंडं घालून मोकळा होतो.

निशाचर

सुधाकाकू, फार चांगला मुद्दा काढलात. हो, फळं खाणाऱ्या मोठ्या वाघळांच्या माद्या पिल्लू लहान असताना त्याला छातीला घेऊन उडतात. त्याआधी पोटात वाढवतात, तेही उडत असताना. जन्मलेलं पिल्लू आईच्या वजनाच्या मानाने बरंच मोठं असतं, म्हणून बहुतेक जातींत एका वेळी एकच. पक्षिणीला हा भार नाही. अंड्यात घालून घरट्यात ठेवला. वटवाघळी भरल्या पोटी रोज रात्री उडते आणि तरी किडे पकडते.

हळू वंशवाढीची दुसरी बाजू म्हणजे आयुष्य. सायबेरियातलं ब्रांट जातीचं एक वटवाघूळ, वजन जेमतेम सात-आठ ग्रॅम, खूण केल्यानंतर ४१ वर्षांनी जिवंत सापडलं.

मुग्धा_पक्षीवेडी

४१ वर्षं ही फार मोठी गोष्ट आहे, मान्य. पण उडण्याचा विषय चालू आहे!

घोलवडचा_बागायतदार

वाचून आनंद झाला, पण थोडं आमचंही ऐका. चिकूची बाग आहे. पिकायला आलेलं फळ रात्रीतून निम्मं खाऊन खाली टाकलेलं सकाळी उचलावं लागतं. त्यांचं उडणं कितीही भारी असो, आम्हाला ते बागेवर जाळी टाकताना आठवतं. त्यात २०२१ मध्ये पुण्याच्या विषाणू संस्थेला महाबळेश्वरच्या गुहेतल्या वाघळांमध्ये निपाहविरोधी प्रतिपिंडं सापडल्याची बातमी आली, आणि मजूर म्हणायला लागले की पडलेल्या फळाला हात लावणार नाही.

निशाचर

दादा, तुमचं नुकसान खरं आहे आणि त्यावर कोणी हसू नये. प्रतिपिंडं सापडली म्हणजे त्या वाघळांचा कधीतरी विषाणूशी संबंध आला होता. लोकांमध्ये साथ आली असा त्याचा अर्थ नाही. पण चोच किंवा दात लागलेलं फळ खायचं नाही आणि गोळा करताना हातमोजे घालायचे, हा नियम मजुरांना जरूर सांगा.

उडण्याशी याचा संबंध आहे म्हणून सांगतो. फळवाघूळ फळ चावून रस गिळतं आणि चोथा दाबून थुंकून टाकतं. तुमच्या झाडाखाली ते वाळलेले चपटे गोळे सापडत असतील. वजन घेऊन उडायचं नाही म्हणून. जे गिळलं तेही थोड्या वेळात बाहेर. आणि बरेचदा ते उडता उडता पडतं, त्यामुळे बिया मोकळ्या माळावर जातात जिथे पक्षी सहसा बसत नाहीत. मोहाचं फूल आणि गोरखचिंचेचं फूल रात्री उमलतं ते यांच्यासाठी. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात फळवाघळं उंदरांसोबत उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच गेली. मला ते योग्य वाटतं. जाळीसाठी अनुदान मात्र मिळायला हवं.

घोलवडचा_बागायतदार

जाळीच्या मुद्द्यावर एकमत. चोथ्याचे गोळे रोज बघतो, कारण आज कळलं.

मांडवीतीर

गोव्यातून लिहितेय. 'अंधारात उडणं ही वटवाघळांची मक्तेदारी' असं वर सूर लागलाय म्हणून. वेंगुर्ल्याच्या समोर समुद्रात जे खडक आहेत, वेंगुर्ला रॉक्स, तिथल्या गुहेत भारतीय पाकोळ्या घरटी करतात. ही जात गुहेच्या काळोखात टक्-टक् आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवर वाट काढते. घरटी लाळेची असतात, त्यांचं सूप करतात, त्यामुळे मधल्या काळात ती चोरून नेत असत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे संरक्षणाचं काम केलं. दक्षिण अमेरिकेतला तेलपक्षीही असाच आवाजावर उडतो.

आणि उलट बाजूला, आपली मोठी फळवाघळं, ज्यांना उडणारे कोल्हे म्हणतात, ती प्रतिध्वनी वापरतच नाहीत. मोठे डोळे आणि नाक, एवढ्यावरच.

निशाचर

बरोबर. गुहेत राहणारं एक मध्यम आकाराचं फळवाघूळ मात्र जिभेने टिचक्या वाजवतं.

पण पाकोळीचा तो आवाज आपल्या कानांना ऐकू येतो, म्हणजे लहरी लांब. त्यावर भिंत कळते, घरटं कळतं. डास नाही कळत. किडे खाणाऱ्या वाघळाचा आवाज आपल्या ऐकण्याच्या पलीकडचा, आणि किडा जवळ आला की ते सेकंदाला दीडशेच्या वर हाका मारतं. एवढी ऊर्जा कुठून आणतं? पंखाचा फटका आणि श्वास एका तालात बांधलेला असतो, हाक श्वास सोडतानाच जाते. उडण्याचा खर्च झालेलाच असतो, त्यावर हाक जवळजवळ फुकट. बसून तेवढ्याच हाका मारायच्या तर बराच जास्त खर्च येतो.

रहाटगाडगं

हे वाचून अंगावर काटा आला. उडणं आणि ऐकणं एकाच फटक्यात.

कोल्हापुरी_तडका

मी आजपासून टीम वटवाघूळ. रात्रपाळी करणाऱ्यांच्या बाजूने कोणीतरी उभं राहायलाच हवं.

सह्यभटक

मग मला दुसरा प्रश्न पडतो. एवढं जमतं तर वटवाघूळ दिवसा का उडत नाही? ससाण्याच्या भीतीने?

रहाटगाडगं

भीती आहेच. सह्याद्रीच्या कड्यांवरचा शाहीन ससाणा संध्याकाळी बाहेर पडणाऱ्या वाघळांवर टपून असतो. पण ऊनही आहे. पडदा उघडा, काळसर आणि मोठा. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तीच वाघळं दिवसा आणि रात्री उडवली, तर दिवसा अंगाचं तापमान आणि ऊर्जेचा खर्च दोन्ही वाढले. पिसं उन्हापासून वाचवतात, पडदा वाचवत नाही. बसलेल्या वाघळांचाही उन्हाने जीव जातो. नोव्हेंबर २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियात केर्न्स भागात उष्णतेच्या लाटेने चष्मेवाल्या फळवाघळांपैकी साधारण तेवीस हजार मेली. आपल्याकडचे उन्हाळे बघता मला याची काळजी वाटते.

सातारी_पठार

थोडं अवांतर. आमच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. त्यांच्यामुळे तिथे शिकारी पक्षी कमी झाले आणि सरडे वाढले, असा अभ्यास २०१८ मध्ये आला होता. पवनचक्क्यांनी वटवाघळंही मरतात का? आमच्याकडे रात्री कोण बघणार, म्हणून विचारलं.

निशाचर

मरतात. उत्तर अमेरिकेत तर फार मोठ्या संख्येने, आणि त्यात स्थलांतर करणारी जास्त. वारा मंद असताना पाती थांबवली की मृत्यू बरेच कमी होतात असं तिथे दिसलंय. आपल्याकडे पहाटे पात्यांखाली फिरून मोजायला माणसं हवीत. तुम्ही जवळच राहता तर कोल्हापूर किंवा पुण्याच्या एखाद्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाशी बोलून बघा.

आणि मुग्धाताई, स्थलांतराचा विषय निघालाच आहे तर: युरोपात नाथुसियस जातीचं जेमतेम आठ ग्रॅमचं वाघूळ लाटव्हियातून स्पेनपर्यंत, दोन हजार किलोमीटरच्या वर गेल्याची नोंद आहे.

मुग्धा_पक्षीवेडी

दोन हजार! आमची गॉडविट दोन दिवस पूर्ण व्हायच्या आत तेवढं जाते.

पण एक मुद्दा कोणी मांडला नाही. पक्ष्यांनी उडण्याचं काय काय केलं बघा. पेंग्विनने तेच पंख पाण्यात मारले, शहामृगाने सोडून दिले आणि पळायला लागला. उडणं इतकं सवयीचं झालंय की त्यांना ते सोडूनही देता आलं. वटवाघळाच्या चौदाशेहून जास्त जाती, त्यात न उडणारी एक तरी आहे का?

निशाचर

नाही, एकही नाही. पडदा मागच्या पायांपर्यंत आलेला असतो. पक्ष्याचे पाय पंखांपासून मोकळे आहेत, म्हणून त्याला चालणं, पळणं, पोहणं वेगळं शिकता आलं. वटवाघळाचे चारही अवयव उडण्यातच गुंतलेत. न्यूझीलंडमधलं आखूड शेपटीचं वाघूळ पालापाचोळ्यात चालत किडे शोधतं, पण उडणं त्यानेही सोडलेलं नाही.

मी मात्र याला कमीपणा म्हणणार नाही. अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये सापडलेलं साधारण सव्वापाच कोटी वर्षांपूर्वीचं, ओनिकोनिक्टेरिस नावाचं जीवाश्म २००८ मध्ये अभ्यासकांनी मांडलं. त्याला पूर्ण पंख होते, पण कानाच्या हाडांवरून प्रतिध्वनी वापरत नसावं असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे उडणं आधी आलं असावं. तेव्हापासून आजपर्यंत त्यातल्या एकानेही उडणं टाकलेलं नाही.

विमानवाला

हा युक्तिवाद आवडला, पटला नाही. न सोडता येणं आणि न सोडणं यात फरक आहे.

तरी एक कबूल करायला हवं: माझ्या क्षेत्रात जेव्हा लवचीक पंखाचा ड्रोन करायचा असतो तेव्हा लोक वटवाघळाकडे वळतात. २०१७ मध्ये इलिनॉय विद्यापीठ आणि कॅलटेकच्या अभियंत्यांनी ९३ ग्रॅमचा 'बॅट बॉट' उडवून दाखवला, सिलिकोनच्या पातळ पडद्याचे पंख. माणसांमध्ये, खोल्यांमध्ये, अरुंद जागेत सुरक्षित उडायचं तर फिरती पाती नकोत. लांब उडायचं असेल तर आम्ही अजूनही अल्बाट्रॉस या समुद्रपक्ष्याच्या पंखाचंच प्रमाण घेतो.

मांडवीतीर

शेवटी समोरासमोर झुंज लागली तर? दक्षिण स्पेनमध्ये मोठं नॉक्ट्यूल वाघूळ रात्री स्थलांतर करणारे छोटे पक्षी हवेतच पकडतं आणि उडता उडताच खातं. २०२५ मध्ये वाघळाच्या पाठीवर बसवलेल्या छोट्या यंत्रात त्या शिकारीचा आवाजसुद्धा टिपला गेला. रॉबिन पक्ष्याचा शेवटचा आवाज आणि मग बराच वेळ चावण्याचा. पक्षी रात्री उडतो तेव्हा तो या वाघळाच्या राज्यात असतो.

मुग्धा_पक्षीवेडी

तो पक्षी हजार-दोन हजार किलोमीटरच्या प्रवासात असतो, आणि वाघूळ घरच्या मैदानावर. तुलना न्याय्य नाही.

सह्यभटक

सगळं वाचलं, काही प्रतिसाद दोनदा. माझं मत मांडतो. लांब पल्ला, उंची, काटकसर पक्ष्यांची, हे विमानवाला आणि मुग्धा यांनी निर्विवाद दाखवलं. पण मी ज्या उडण्याबद्दल विचारलं होतं ते पाण्यावरच्या त्या दहा मीटरच्या घनातलं आहे. एका किड्याकडून दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे, अंधारात, प्रत्येक वेळी दिशा बदलत. तिथे मी वटवाघळाला पुढे ठेवतो आणि ठेवत राहीन. मुग्धा, एकदा भोरला या. मोबाइलवर स्लो मोशन लावून दोघांचं चित्रीकरण करू, मग इथे टाकू.

मुग्धा_पक्षीवेडी

येते. पण दहा मीटरचं मैदान तुम्ही ठरवलंत तर पंच मी ठरवणार. आणि रातवा या पक्ष्यालाही मोजायचं, तोही अंधारात उडताना तोंड उघडून किडे धरतो.

निशाचर

रातवा चालेल, पण त्याला किडा आभाळाच्या उजेडावर दिसावा लागतो. पूर्ण अमावस्येची रात्र निवडली तर मला सांगा. स्लो मोशनला उजेड कमी पडेल. पश्चिमेकडे तोंड करून, सूर्य मावळल्यावर लगेच सुरू करा आणि कॅमेरा तिवईवर ठेवा. फ्लॅश नको.

नवी_सदस्य_नाशिक

नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. आमच्या सोसायटीत उंच सरळ वाढणाऱ्या अशोकाच्या रांगेत छोटी वाघळं राहतात. सभेत झाडं छाटायचं ठरतंय, कारण खालच्या गाड्यांवर घाण पडते. धागा वाचून वाईट वाटलं. त्यांना हलवता येतं का?

निशाचर

हलवू नका आणि आत्ता छाटूही देऊ नका. वर्णनावरून ती आखूड नाकाची फळवाघळं असावीत, ती अशोकाच्या लोंबत्या पानांआड राहतात. पिल्लं असतील तर छाटणीत खाली पडतील. सभेला सांगा, त्या रांगेखाली गाड्यांवर आवरण घालावं किंवा तेवढ्या जागा दुचाकींना द्याव्यात. खाली पडलेलं पिल्लू उघड्या हाताने उचलू नका. जाड फडक्यात घेऊन खोक्यात ठेवा आणि वन विभागाच्या हेल्पलाइनला, १९२६ ला, फोन करा.

आणि सभेतल्या लोकांना एक दिवस पहाटे उजाडायच्या आधी त्या झाडांखाली बोलवा. परत येणारं वाघूळ फांदीजवळ शेवटच्या क्षणी उलटं कसं होतं ते बघायला सांगा. मग मतदान घ्या.